डिस्क ५०० जीबीची, पण रेकॉर्डिंग कोणाचे?

डीटीएच कंपनी बदलायची म्हटली की आधी विचारले जाते ते ‘नव्या बॉक्समध्ये किती जीबी?’ जुन्या बॉक्समध्ये साठवलेल्या रेकॉर्डिंगचे काय, हा प्रश्न बहुतेक घरांत डिश बदलून तंत्रज्ञ निघून गेल्यावरच आठवतो. हा क्रम उलटा का झाला, ते समजायला २००१ पर्यंत मागे जावे लागते. त्याआधीच्या व्हीसीआरबद्दल एवढेच सांगायचे, की तारवटी (बोटींवर नोकरी करणारे) आणि गल्फवाल्यांनी आणलेल्या त्या यंत्राची कॅसेट शेजाऱ्याच्या यंत्रातही चालत असे.

मार्च २००१ मध्ये डीटीएचसाठी सरकारी मार्गदर्शक तत्त्वे आली. सेट-टॉप बॉक्स खुल्या रचनेचा हवा आणि एका कंपनीचा बॉक्स दुसऱ्या कंपनीच्या सेवेलाही चालला पाहिजे, अशी अट त्यांत होती. कल्पना अशी, की बॉक्सला एक खाच असेल, ग्राहक नव्या कंपनीचे मॉड्यूल (तिच्या सांकेतिक वाहिन्या उलगडणारा सुटा भाग) आणि कार्ड त्यात घालेल आणि बॉक्स तोच राहील. अट कागदावर चोख होती. प्रत्यक्षात ते मॉड्यूल इतके महाग पडे, की त्यापेक्षा सवलतीत मिळणारा नवा बॉक्स परवडत असे. त्यात आणखी एक गाठ बसली. आधी आलेल्या कंपन्या एमपेग-२ या, चित्र आणि आवाज आकसून पाठवण्याच्या पद्धतीने प्रक्षेपण करीत होत्या आणि २००७ नंतर आलेल्यांनी एमपेग-४ स्वीकारली. जुन्या बॉक्सला नवी पद्धत वाचताच येत नव्हती, मग खाच असून काय उपयोग? कंपन्यांनी बोट तंत्रज्ञानाकडे दाखवले, ग्राहक संघटनांनी कंपन्यांकडे. अट मात्र कोणी काढून टाकली नाही आणि कोणी रेटलीही नाही. आमच्या मते पुढचा सगळा गोंधळ या चालढकलीतून आला.

२००८ च्या सुमारास हार्ड डिस्क असलेले बॉक्स आले, तेव्हा या बंदपणाची खरी किंमत कळू लागली. रेकॉर्डिंग डिस्कवर सांकेतिक रूपात लिहिले जाते आणि ते उलगडण्याची किल्ली त्याच बॉक्सकडे व कार्डाकडे असते. डिस्क काढून संगणकाला जोडली तरी हाती काही लागत नाही. बाहेरून यूएसबी डिस्क जोडण्याची सोय देणारे बॉक्स आले, तेव्हा अनेकांना आता सुटलो असे वाटले. पण ती डिस्कही बॉक्स आपल्या पद्धतीने फॉरमॅट करतो आणि त्यावरचे रेकॉर्डिंग दुसरीकडे दिसत नाही. काही सेवांत तर रिचार्ज संपला की आधी साठवलेलेही उघडत नाही.

जीबीचा हिशोब त्या मानाने सोपा. एचडी वाहिनी सेकंदाला ८ मेगाबिट घेत असेल तर तासाला ३.६ जीबी लागतात. म्हणजे ५०० जीबीत सुमारे १३९ तास, तेही पूर्ण डिस्क तुमची असेल तर. थेट कार्यक्रम थांबवून मागे नेण्याच्या सोयीसाठी काही जागा आधीच राखलेली असते. जाहिरातीतला मोठा आकडा बहुधा कमी दर्जाच्या साध्या वाहिन्यांचा असतो.

गोव्यात रेकॉर्डर विकला गेला तो फुटबॉलमुळे, हे इथल्या दुकानदारांना सांगावे लागत नाही. २०१४ च्या विश्वचषकातले बरेच सामने आपल्याकडे रात्री दीड आणि साडेतीनला सुरू होत. पण ते दिवस जून-जुलैचे. जोराच्या सरीत केयू बँडचा, म्हणजे डिशला उपग्रहाकडून येणाऱ्या लहरींच्या पट्ट्याचा, सिग्नल तुटतो आणि सिग्नल नसेल तेव्हा बॉक्स रेकॉर्ड काय करणार? सत्तरी तालुक्यात काय आणि फोंड्यात काय, वीज गेली तरी तेच. पावसाळ्यात रेकॉर्डिंग अर्ध्यावर तुटले, तर त्याला जीबी कमी पडणे हे कारण क्वचितच असे.

केबलच्या सक्तीच्या डिजिटलीकरणात महानगरांनंतरच्या दुसऱ्या टप्प्यातील ३८ शहरांत गोव्यातले एकही नव्हते. इथल्या शहरांसाठी ३१ डिसेंबर २०१५ ही मुदत होती, गावांसाठी नंतर ३१ मार्च २०१७ ठरली. त्यामुळे पणजी-मडगावातल्या केबलवाल्या घरांतही कंपनीचा बॉक्स आला. फेब्रुवारी २०१९ पासून वाहिन्या निवडून पैसे भरण्याची पद्धत आली आणि कंपनी बदलण्याचा विचार आणखी घरांत सुरू झाला. एप्रिल २०२० मध्ये दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने पुन्हा सर्व कंपन्यांना चालणाऱ्या बॉक्सची शिफारस केली. या वेळी खाचेऐवजी यूएसबीत बसणारे मॉड्यूल सुचवले होते आणि डीटीएचबरोबर केबललाही ती लागू व्हायची होती. १९ वर्षांपूर्वीची अट पुन्हा शिफारस म्हणून मांडावी लागली, यातच बरेच काही आले.

दरम्यान कंपन्यांनी डिस्कवाले बॉक्स मागे टाकून इंटरनेट जोडणीचे बॉक्स पुढे केले. आता मागचे भाग सर्व्हरवरून बघायचे, सहसा सात दिवसांपर्यंतचे. जागेची मर्यादा गेली, मुदतीची आली. शिवाय कुठला कार्यक्रम मागे जाऊन बघता येईल हे प्रसारणाच्या हक्कांवर ठरते, आणि खेळांचे थेट सामने अनेकदा त्यातून वगळलेले असतात. म्हणून जुना रेकॉर्डर परत देण्याआधी त्यातले बघून संपवणे, आणि नव्या कंपनीला जीबीबरोबर मागच्या भागांची मुदत व त्यात फुटबॉल आहे का हे विचारणे, एवढेच ग्राहकाच्या हाती उरते.