चर्चमधील दानव्यवहार, मुंबई

चर्चमधील दानव्यवहार : ख्रिस्ती उपासनास्थळी भाविकांकडून येणारे पैसे व वस्तू स्वीकारणे, मोजणे, नोंदवणे, ठरलेल्या कामी खर्च करणे आणि त्याचा हिशेब सभासदांपुढे ठेवणे, या सर्वांची रीत. मुंबईत या व्यवहारावर तीन बाजूंनी नियम लागू होतात : चर्चचा स्वतःचा धर्मनियम, महाराष्ट्राचा सार्वजनिक न्यासांचा (ट्रस्टचा) कायदा आणि केंद्राचे आयकर व विदेशी देणग्यांविषयीचे कायदे. रोमन कॅथलिक धर्मग्राम (पॅरिश, म्हणजे एका चर्चचा स्थानिक समुदाय), प्रोटेस्टंट चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या मंडळ्या (स्थानिक समुदाय), मेथडिस्ट आणि स्वतंत्र पेंटेकोस्टल मंडळ्या यांच्या पद्धती निराळ्या आहेत. सभासदांचा विश्वास मात्र सगळीकडे दोनच गोष्टींनी टिकतो : पैशापाशी कोणीही एकटा नसणे आणि कोणी विचारण्याआधी आकडे सांगितले जाणे. खजिनदार कितीही सज्जन असला तरी या दोन गोष्टींवाचून भागत नाही.

हा विचार जुनाच आहे. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात यरुशलेमच्या गरिबांसाठी जमवलेली वर्गणी नेताना पौल सोबत मंडळ्यांनी निवडलेला माणूस घेतो. एवढ्या मोठ्या रकमेवरून कोणी बोट दाखवू नये, आणि व्यवहार देवापुढे तसा माणसांपुढेही स्वच्छ असावा, असे कारण तो देतो. मुंबईतल्या मराठी मंडळ्यांत वार्षिक सभेपूर्वी हा उतारा वाचायला घेणे योग्यच ठरेल.

दानाचे प्रकार

रविवारच्या उपासनेत फिरणारी थैली हा सर्वांत ठळक प्रकार. त्याखेरीज दारालगतच्या दानपेट्या, महिन्याची वर्गणी, दशांश (उत्पन्नाचा दहावा भाग), वाढदिवस वा लग्नाच्या दिवशी दिलेले उपकारस्तुतीचे अर्पण, मृताच्या स्मरणार्थ देणगी, हंगामाच्या सणाला आणलेले धान्य-फळे व त्यांच्या लिलावाची रक्कम, सभागृहाचे भाडे आणि दफनभूमीचे शुल्क ही उत्पन्नाची साधने आहेत. कॅथलिक चर्चमध्ये काही रविवारी दुसरी थैली फिरते. ऑक्टोबरमधील मिशन रविवारची आणि जूनअखेरची पोपसाठीची जमा वर पाठवायची असते, तसेच गुड फ्रायडेला पवित्र भूमीसाठी गोळा झालेली रक्कमही. ती स्थानिक उत्पन्नात धरणे चूक आहे. तिची खतावणी वेगळी ठेवावी व पाठवल्याची पावती फलकावर लावावी.

मुंबईचे वेगळेपण असे, की इथल्या काही चर्चमध्ये दान करणारे पुष्कळ लोक सभासद नसतात आणि ख्रिस्तीही नसतात. माहीमच्या सेंट मायकेल चर्चमधील बुधवारच्या नोव्हेनाला (नऊ वेळा करायच्या प्रार्थनेला) आणि वांद्र्याच्या मोत माउलीच्या सप्टेंबरमधील जत्रेला सर्व धर्मांचे लोक येतात. हे दाते वार्षिक सभेला बसत नाहीत, त्यांना अहवाल मिळत नाही आणि त्यांना पावतीही बहुधा नको असते. त्यामुळे अशा ठिकाणी पेटीवर हेतू ठळक मराठीत, हिंदीत व इंग्रजीत लिहिलेला असणे आवश्यक ठरते. ‘गरिबांसाठी’ अशी पाटी असेल तर त्या पेटीतला रुपयाही रंगकामाला जाता कामा नये. नवसाचे सोन्याचांदीचे दागिने आले तर दोन साक्षीदारांसमोर वजन, वर्णन व छायाचित्रासह वेगळ्या वहीत नोंद करून ते बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावेत. वस्तुरूप दानात गळती सर्वांत जास्त होते, कारण तिची बेरीज आपोआप होत नाही. मेणबत्त्यांचे शिल्लक राहिलेले मेण विकल्याची रक्कमही जमेत दिसली पाहिजे.

मोजणी

थैली वेदीजवळ आल्यापासून बँकेत भरणा होईपर्यंतचा काळ सर्वांत नाजूक. चांगल्या मंडळीत क्रम असा असतो. उपासना संपताच दोघे जण थैल्या एकत्रच मोजणीच्या खोलीत नेतात. ते एका घरातले नसतात, आणि खजिनदार त्यांत नसतो. टेबलावर पाकिटे, पिशव्या, मोबाइल काही नसते. नोटा ५००, २००, १००, ५०, २०, १० अशा गठ्ठ्यांत लावतात, चिल्लर वेगळी, धनादेश वेगळे. एकाने मोजलेले दुसरा पुन्हा मोजतो. छापील मोजणीपत्रकावर तारीख, उपासनेची वेळ, प्रत्येक मूल्याच्या नोटांची संख्या, एकूण रक्कम अंकी व अक्षरी लिहून दोघे सह्या करतात. खाडाखोड झाली तर आकडा आडव्या रेघेने छेदून शेजारी सही करतात. पांढरा रंग लावलेले पत्रक रद्द समजावे. पत्रकाच्या तीन प्रती निघतात : एक पैशांबरोबर, एक खजिनदाराकडे, एक चिटणीस किंवा धर्मगुरूंच्या कार्यालयात. रक्कम क्रमांक असलेल्या पिशवीत सील करून तिजोरीत जाते आणि सोमवारी बँकेत भरली जाते. मोजणीपत्रक, भरणा पावती व पासबुकातील नोंद या तीन ठिकाणी एकच आकडा दिसला पाहिजे. मोजणाऱ्यांच्या जोड्या दर आठवड्याला पाळीने बदलाव्यात.

इथे सर्वांत जास्त आढळणारी चूक चोरीची नसते. थैलीतूनच फुलवाल्याला, वायरमनला, झाडलोट करणाऱ्याला पैसे दिले जातात आणि उरलेली रक्कम बँकेत भरली जाते. समजा जमा ₹१८,४०० होती आणि भरणा ₹१६,९०० झाला. आता वर्षाचे उत्पन्नही कमी दिसते आणि खर्चही. दीड हजार कुठे गेले हे सहा महिन्यांनी कोणालाच सांगता येत नाही. उपाय सोपा आहे : जमा झालेली पूर्ण रक्कम जशीच्या तशी भरायची आणि किरकोळ खर्चासाठी बँकेतून काढलेली ठरावीक पेशगी, उदाहरणार्थ ₹५,०००, वेगळी ठेवायची. डब्यातली रोकड आणि खर्चाची व्हाउचरे मिळून केव्हाही पाच हजारच भरली पाहिजेत.

दानपेटीला दोन वेगळी कुलुपे असावीत आणि किल्ल्या दोन वेगळ्या व्यक्तींकडे. पेटी आठवड्याला किंवा पंधरवड्याला ठरल्या दिवशी उघडावी. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी ५०० व १००० च्या नोटा बाद झाल्या आणि त्या बँकेत भरण्याची मुदत ३० डिसेंबरला संपली. महिनोन्महिने पेट्या न उघडण्याची सवय किती महाग पडू शकते, हे त्या सात आठवड्यांत कळले. मुंबईच्या पावसाळ्यात ओलीने नोटा चिकटतात हे आणखी एक कारण.

यूपीआय आल्यापासून मोजणीचा भार हलका झाला, पण नवे धोके आले. क्यूआर कोड न्यासाच्या नावाच्या बँक खात्याचाच हवा. पाळकाच्या (मंडळीच्या धर्मगुरूच्या) वा खजिनदाराच्या वैयक्तिक खात्यावर ‘तात्पुरते’ पैसे घेणे हे काही लहान स्वतंत्र मंडळ्यांत चालते. ते ताबडतोब थांबवावे, कारण तो पैसा कायद्याच्या नजरेत त्या माणसाचा दिसतो आणि त्याच्या मृत्यूनंतर वारसांशी वाद होऊ शकतो. छापील कोडवर दुसरा कोड चिकटवण्याची फसवणूकही होते. म्हणून दर रविवारी उपासनेपूर्वी एका जबाबदार व्यक्तीने एक रुपया पाठवून खातेधारकाचे नाव पाहावे. हेतू कळावा यासाठी इमारत निधी, गरीब निधी व सर्वसाधारण दान यांचे कोड वेगळे ठेवणे सोयीचे पडते. महिनाअखेरी बँक विवरण व रोजकीर्द यांचा ताळमेळ घालणारी व्यक्ती पैसे काढण्याचा अधिकार असलेली नसावी.

पाकीट पद्धतीत प्रत्येक कुटुंबाला क्रमांक दिलेली पाकिटे मिळतात. कोण किती देतो हे फक्त नोंद ठेवणाऱ्याला कळते आणि वर्षाअखेरी कुटुंबाला त्याचे विवरण मिळते. काही मराठी मंडळ्यांत देणाऱ्यांची नावे रकमांसह वाचून दाखवतात. तिथे दिलेल्या पैशाची जाहीर पोच मिळते हा फायदा खरा, पण कमी देणारे संकोचतात आणि उपासनेलाच येईनासे होतात. बायबलमधील गरीब विधवेच्या दोन टोल्यांचा (क्षुल्लक नाण्यांचा) वृत्तांत वाचणाऱ्या मंडळीने नावे न घेता पावती क्रमांक व रक्कम फलकावर लावावी. पोचही मिळते, मानही राहतो.

हेतूने दिलेला पैसा

छपराच्या दुरुस्तीसाठी जमलेल्या पैशातून पगार भागवणे हे मंडळीतील कलहाचे एक नेहमीचे मूळ. ‘पुढच्या महिन्यात परत टाकू’ असे ठरते, मे उलटतो, पाऊस येतो आणि निधीत पैसे नसतात. कॅथलिक धर्मनियमसंहितेच्या (१९८३) नियम १२६७ नुसार ठरावीक हेतूने दिलेले दान त्याच हेतूने खर्च करावे लागते. न्यासांच्या कायद्याची अपेक्षाही तीच. अडचणीत उसने घेणे अटळ असेल तर समितीचा लेखी ठराव, परतीची तारीख आणि पुढच्याच रविवारी जाहीर घोषणा हवी. मोठ्या दुरुस्तीसाठी तीन दरपत्रके मागवून, ठेकेदाराचे समितीत नाते असल्यास ते आधी सांगून, काम किती झाले त्याप्रमाणे हप्ते द्यावेत.

मिस्सेसाठी (कॅथलिकांच्या मुख्य उपासनाविधीसाठी) दिलेल्या अर्पणाचे नियम तर फारच काटेकोर आहेत. प्रत्येक स्वीकारलेल्या अर्पणासाठी स्वतंत्र मिस्सा व्हावी लागते, धर्मगुरूला नाताळ वगळता दिवसाला एकाच मिस्सेचे अर्पण स्वतःकडे ठेवता येते, आणि व्यापाराचा भासही होऊ नये असे नियम ९४७ सांगतो. यासाठी चर्चने वेगळी वही ठेवून मिस्सांची संख्या, हेतू (मिस्सा कोणासाठी वा कशासाठी हे), अर्पण आणि मिस्सा झाल्याची नोंद करायची असते. अनेकांचे हेतू एकत्र घेणाऱ्या मिस्सा आठवड्यात दोनपेक्षा अधिक नकोत व दात्यांना तसे आधी सांगावे, असे १९९१ च्या व्हॅटिकनच्या आदेशाने ठरवले.

कोण जबाबदार

धर्मग्रामाचा कायदेशीर प्रतिनिधी धर्मगुरू असतो, पण नियम ५३७ नुसार प्रत्येक धर्मग्रामात वित्तसमिती असणे बंधनकारक आहे. नियम १२८४ जमाखर्चाच्या वह्या नीट ठेवण्यास व वर्षाअखेरी हिशेब तयार करण्यास सांगतो. नियम १२८७ भाविकांनी दिलेल्या दानाचा हिशेब भाविकांनाच देण्यास सांगतो. प्रोटेस्टंट मंडळ्यांत पाळक, निवडून आलेली समिती व खजिनदार हे काम पाहतात. धनादेशावर दोघांच्या सह्या लागतात. कोऱ्या धनादेशांवर आगाऊ सही करून ठेवली की दोन सह्यांचा उपयोग संपला.

एकच खजिनदार वीस-वीस वर्षे राहणे ही मुंबईतल्या जुन्या मंडळ्यांची सवय आहे. त्यामागे आदर असतो. तरी तीन वर्षांनी बदल व्हावा, कारण संशय आला तर स्वतःच्या बाजूने दाखवायला त्या माणसाकडे दुसऱ्या कोणाच्या सहीचा कागद नसतो. मोजणीचे नियम खजिनदाराचेच सर्वांत आधी रक्षण करतात.

न्यासाचा कायदा

१९५० चा मुंबई सार्वजनिक न्यास कायदा २०१२ मध्ये महाराष्ट्र सार्वजनिक न्यास कायदा झाला. त्यातील सार्वजनिक न्यासाच्या व्याख्येत चर्चचा स्पष्ट उल्लेख आहे. न्यासाची नोंदणी, दरवर्षी ३१ मार्चला हिशेब बंद करणे, लेखापरीक्षण करून घेणे आणि सहा महिन्यांत अहवाल धर्मादाय आयुक्तांकडे दाखल करणे ही मुख्य कर्तव्ये. ताळेबंद अनुसूची आठप्रमाणे, उत्पन्न-खर्च पत्रक अनुसूची नऊप्रमाणे बनते. मुंबईचे कार्यालय वरळीला आहे. तेथे अर्ज करून न्यासाच्या नोंदवहीचा उतारा घेता येतो. आपली मंडळी कागदावर कोण चालवते हे जाणून घेण्याचा तो सर्वांत खात्रीचा मार्ग.

विश्वस्त बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. हा अर्ज राहून जाणे फार महागात पडते. तीन निवडणुका झाल्या तरी नोंदवहीत जुनीच नावे राहतात, त्यांतले काही वारलेले असतात, बँक नव्या सह्या स्वीकारत नाही, आणि वाद उठला की दोन समित्या स्वतःला खरी म्हणवतात. ठराव, सभेची नोटीस व हजेरीपत्रक निवडणुकीच्या दिवशीच फाइलला लावावे.

स्थावर मालमत्ता हा मुंबईतला सर्वांत मोठा प्रश्न, कारण दानाच्या थैलीपेक्षा चर्चच्या आवाराची किंमत कैक पटींनी जास्त असते. कलम ३६ प्रमाणे विक्री, अदलाबदल, देणगी, आणि बिगरशेती जमीन वा इमारतीचा तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वमंजुरीशिवाय वैध नाही. पुनर्विकासाचा प्रस्ताव आला तर सभासदांनी मूल्यांकन अहवाल, सर्व निविदा आणि मंजुरीचा अर्ज या तिन्ही गोष्टी मागाव्यात. मंडळ्या एकत्र आल्या म्हणून मालमत्ता आपोआप वर्ग होत नाही. १९७० मध्ये अनेक प्रोटेस्टंट चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, आणि गुजरातेतील ब्रदरन मंडळ्यांच्या मालमत्तेचा त्यातून निघालेला वाद २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जुन्या न्यासाच्या बाजूने निकाली निघाला.

ठेवी एकाच बँकेत असू नयेत. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले तेव्हा खातेदारांना सुरुवातीला फक्त ₹१,००० काढता येत होते. ठेवविमा फेब्रुवारी २०२० पासून प्रत्येक ठेवीदाराला एका बँकेमागे ₹५ लाखांपर्यंत आहे, आणि त्यात मुद्दल व व्याज दोन्ही धरले जातात.

कर व परदेशातून येणारे पैसे

पेटीतले निनावी दान निव्वळ धार्मिक न्यासाला विशेष करातून मोकळे आहे. मात्र एकाच धर्मसमाजासाठी असलेल्या न्यासाला दिलेल्या देणगीवर दात्याला करवजावट सहसा मिळत नाही. चर्चशी संबंधित शाळा वा दवाखान्याच्या स्वतंत्र धर्मादाय न्यासाकडे तशी मान्यता असू शकते. पैसा चर्चला आणि पावती दवाखान्याच्या न्यासाची, असा प्रकार दोन्ही न्यासांची मान्यता धोक्यात आणतो. मान्यता असली तरी ₹२,००० वरील रोख देणगीला वजावट नाही.

आखातात नोकरी करणाऱ्या, भारतीय पासपोर्ट असलेल्या सभासदाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेला पैसा विदेशी देणगी ठरत नाही. कॅनडाचे नागरिकत्व घेतलेल्या त्याच्या भावाने पाठवलेले शंभर डॉलर ठरतात, त्याच्याकडे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या व्यक्तीला मिळणारे) असले तरी. म्हणून परदेशातून रक्कम आली की आधी नागरिकत्व विचारावे आणि पासपोर्टची प्रत फाइलला लावावी. २०१० च्या विदेशी योगदान कायद्याखाली नोंदणी वा पूर्वपरवानगी असेल तरच अशी देणगी घेता येते. २०२० च्या दुरुस्तीनंतर ती आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच यावी लागते, दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही आणि प्रशासनावर २० टक्क्यांपेक्षा जास्त खर्चता येत नाही. वार्षिक विवरण ३१ डिसेंबरपर्यंत जाते. नोंदणी नसताना चर्चच्या साध्या खात्यात अशी रक्कम चुकून आली, तर ती न वापरता बाजूला ठेवून लगेच लेखापरीक्षकाला कळवावे. ती खर्चून टाकल्यावर निस्तरणे कितीतरी कठीण होते.