शेवटच्या युनिटचा भाव सगळ्या विजेला कसा लागू झाला?

२०२२च्या ऑगस्टमध्ये युरोपच्या घाऊक बाजारात नैसर्गिक वायूचा भाव मेगावॉट-तासाला (म्हणजे हजार युनिटला) ३०० युरोच्या वर गेला. त्याआधी कित्येक वर्षं तो साधारण २० युरोच्या आसपास असायचा. रशियाने पुरवठा आवळला म्हणून वायू भडकला, एवढं कोणालाही समजत होतं. समजत नव्हतं ते पुढचं. पाण्यावर किंवा वाऱ्यावर तयार होणाऱ्या विजेचा खर्च काडीनेही वाढलेला नव्हता, तरी ती वीजही वायूवरच्या विजेच्याच भावाने विकली जात होती. घराघरांत वीजबिलांनी लोकांची झोप उडवली होती, आणि ज्या जलविद्युत, पवन किंवा अणुऊर्जा कंपन्यांनी आपली वीज आधीच विकून ठेवली नव्हती त्यांच्या हाती न मागता घबाड आलं होतं.

बाजार असाच चालतो, असं तेव्हा अनेक अर्थतज्ज्ञ सांगत होते. ही लूट आहे, असं अनेक राजकारणी म्हणत होते. दोन्हीकडे एक गोष्ट सांगायची राहून जात होती. हा नियम माणसांनी केला आहे, एका विशिष्ट काळात, त्या काळच्या अडचणींवर उपाय म्हणून. त्या अडचणी पाहिल्याशिवाय आजच्या वादात कोण कशासाठी भांडतंय हे उमगत नाही.

आधी नियम पाहू. समजा, एका तासासाठी १,००० मेगावॉट वीज हवी आहे. पवनचक्क्या ३०० मेगावॉट शून्य भावाने द्यायला तयार आहेत, कारण वाऱ्याला पैसे पडत नाहीत. अणुकेंद्र ३०० मेगावॉट १० युरोने देतं, कोळशाचं केंद्र २५० मेगावॉट ४० युरोने. हे झाले ८५०. उरलेले १५० वायूच्या केंद्राकडून घ्यावे लागतात आणि त्याची बोली आहे १२० युरो. स्वस्तापासून महागापर्यंत लावलेल्या या रांगेला मेरिट ऑर्डर म्हणतात. रांगेतल्या ज्या शेवटच्या केंद्राची गरज पडली, त्याचा भाव त्या तासाला सगळ्यांना मिळतो. म्हणजे पवनचक्कीवाल्यालाही १२०.

मग ज्याची जितकी बोली, तितकेच पैसे त्याला का देऊ नयेत? प्रश्न रास्त आहे. पण तसा नियम केला तर पवनचक्कीवाला शून्याची बोली लावणारच नाही. शेवटचा भाव किती निघेल याचा अंदाज बांधून तो त्याच्या किंचित खाली बोली लावेल. अंदाज चुकला की स्वस्त केंद्र बाहेर बसेल आणि महाग केंद्र चालेल. या युक्तिवादात दम आहे आणि तो अजून कोणी पूर्णपणे खोडून काढलेला नाही.

विजेचा बाजार भरवता येतो, ही कल्पना मात्र बरीच उशिरा आली. एडिसनचा एकेकाळचा सचिव सॅम्युअल इन्सल १८९२ साली शिकागोतल्या एका छोट्या वीज कंपनीचा प्रमुख झाला. संचासाठी काढलेल्या कर्जाचं व्याज चोवीस तास चालू असतं, दिवे मात्र संध्याकाळी काही तासच लागतात, हे त्याने ओळखलं. दिवसाचे रिकामे तास भरून काढायला त्याने ट्राम आणि कारखान्यांना स्वस्त दर दिले. जितकं मोठं केंद्र आणि जितके जास्त तास ते चालेल, तितकी वीज स्वस्त. या हिशोबात एका शहरात दोन कंपन्या परवडणं शक्य नव्हतं. म्हणून १८९८ साली इन्सलने स्वतःच सरकारी नियंत्रणाची मागणी केली: आम्हाला मक्तेदारी द्या, दर तुम्ही ठरवा. १९०७मध्ये न्यूयॉर्क आणि विस्कॉन्सिन राज्यांनी तसे आयोग नेमले. झालेला खर्च अधिक वाजवी परतावा, हे सूत्र रुळलं. पुढे इन्सलचा एकावर एक कंपन्या रचलेला डोलारा १९३२ साली कोसळला, असंख्य लहान गुंतवणूकदार बुडाले आणि १९३५च्या कायद्याने अशा रचनांना वेसण घातली. पण सूत्र टिकलं. युरोपात सरकारांनी वीज थेट ताब्यात घेतली, फ्रान्सने १९४६ साली आणि ब्रिटनने १९४८ साली.

फ्रान्सच्या या सरकारी कंपनीत, ईडीएफमध्ये, आजच्या नियमाचं मूळ सापडतं. मार्सेल ब्वातो हा तरुण गणिती, अर्थतज्ज्ञ मॉरिस आले यांचा विद्यार्थी. त्याने १९४९ साली एक निबंध लिहिला. ऐन मागणीच्या वेळी वापरलेल्या युनिटचा दर काय असावा, हा त्याचा विषय होता. त्याचं उत्तर असं: त्या क्षणी आणखी एक युनिट पुरवायला देशाला जितका खर्च येतो, तितका. ग्राहकाला खरा खर्च दिसला तर तो गरज नसलेला वापर रात्रीवर ढकलेल आणि देशाला एक केंद्र कमी बांधावं लागेल. १९५०च्या दशकात ईडीएफने मोठ्या औद्योगिक ग्राहकांसाठी वेळेनुसार बदलणारे दर लागू केले, आणि ब्वातो पुढे कंपनीच्या सर्वोच्च पदावर गेला.

मला या इतिहासातला हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा वाटतो. आज ज्याला मुक्त बाजाराचा नियम म्हणतात, तो एका सरकारी मक्तेदारीतल्या नियोजनकाराने मांडला होता. त्या काळी सगळी केंद्रं एकाच मालकाची होती. शेवटच्या युनिटचा चढा भाव स्वस्त केंद्राच्या विजेलाही मिळाला तरी पैसा एकाच तिजोरीत जात होता आणि तिजोरी जनतेची होती. भाव हा ग्राहकाला दिलेला इशारा होता. कोणाच्या खिशात किती नफा जाईल, हा प्रश्न त्यात उद्भवतच नव्हता.

इकडे खर्च अधिक परतावा हे सूत्र १९७०च्या दशकात फाटायला लागलं. मागणी दरवर्षी वाढतच जाणार असं धरून कंपन्यांनी केंद्रं बांधायला घेतली, तेलसंकटानंतर मागणी मंदावली आणि व्याजदर चढले. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात एका सार्वजनिक वीज संस्थेने पाच अणुभट्ट्यांचं काम हाती घेतलं, पूर्ण झाली एकच. १९८३ साली त्या संस्थेचे २.२५ अब्ज डॉलरचे रोखे बुडीत निघाले. बांधकामाचा निर्णय अधिकाऱ्यांचा आणि भुर्दंड ग्राहकांचा, ही तक्रार खोटी नव्हती. बाजार आणणाऱ्यांच्या हेतूंवर आज सरसकट संशय घेतला जातो. तो घेताना ही बाजू विसरणं अन्यायाचं आहे.

सुरुवात चिलीत झाली. पिनोशेच्या लष्करी राजवटीत १९८२चा कायदा आला आणि निर्मिती, पारेषण, वितरण यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. तिथे केंद्रांचा क्रम बोलीवर नव्हे, तपासलेल्या खर्चावर लावला जात असे. ब्रिटनने त्यापुढचं पाऊल टाकलं. १९८९च्या कायद्याने थॅचर सरकारने सरकारी वीज मंडळाचे तुकडे केले. अणुकेंद्रं घ्यायला खासगी गुंतवणूकदार तयार नव्हते, म्हणून ती सरकारकडेच राहिली. कोळसा आणि तेलावरची बहुतेक केंद्रं नॅशनल पॉवर आणि पॉवरजेन या दोन कंपन्यांत वाटली गेली. १९९० साली पूल नावाचा बाजार सुरू झाला. त्यात दर अर्ध्या तासाला शेवटच्या युनिटचा भाव निघायचा.

कोणतं केंद्र कधी चालवायचं हे ठरवणारा जुन्या मंडळाचा ‘गोल’ नावाचा संगणक प्रोग्राम पूलनेही तसाच वापरला. फरक इतकाच की आधी त्यात केंद्रांचा खर्च भरला जायचा आणि आता कंपन्यांच्या बोल्या. ब्वातोचं गणित तेच राहिलं, पण आकडे भरणारा हात बदलला. शिवाय प्रत्येक अर्ध्या तासाच्या भावात तुटवड्याच्या शक्यतेचा एक भत्ता जोडलेला असे. वीज न मिळाल्यास ग्राहकाचं युनिटमागे २ पौंडांचं नुकसान होतं, असं त्यासाठी धरलं होतं. एखादं केंद्र उपलब्ध नाही असं कळवलं की तुटवड्याची शक्यता वाढायची, तिच्याबरोबर भत्ताही. दोनच कंपन्या बहुतेक वेळा भाव ठरवतात हे लवकरच उघड झालं आणि १९९४ ते १९९६ या काळात नियामकाला पूलच्या भावावर मर्यादा घालावी लागली. २००१ साली पूल बंद करून ब्रिटनने आपसातल्या करारांवर चालणारी पद्धत आणली.

नॉर्वेचा अनुभव चांगला होता. १९९१पासून तिथे बाजार चालला, १९९६ साली स्वीडन त्यात आलं. भरपूर धरणं आणि बरेचसे मालक नगरपालिका किंवा सरकार, त्यामुळे नफा गेला तरी फार लांब जात नव्हता. त्याच वर्षी युरोपीय संघाने सदस्य देशांना बाजार खुले करायला सांगितलं.

या सगळ्या सुधारणांचा मुहूर्त एकच होता: केंद्रं गरजेपेक्षा जास्त आणि वायू स्वस्त. उत्तर समुद्रातला वायू येत होता, नव्या वायू टर्बाइनची केंद्रं कमी वेळात उभी राहत होती. शेवटचं युनिटच स्वस्त असेल तर त्याचा भाव सगळ्यांना दिल्याने कोणाचं काय बिघडणार?

कॅलिफोर्नियात बिघडलं. १९९८ साली तिथे बाजार सुरू झाला. वितरण कंपन्यांनी आपली बरीचशी केंद्रं विकायची, वीज रोजच्या बाजारातून घ्यायची, दीर्घ मुदतीचे करार टाळायचे आणि ग्राहकांचे दर गोठवलेले ठेवायचे, अशी ती रचना होती. २००० साली पाऊस कमी, धरणांत पाणी कमी, वायू महाग. मेगावॉट-तासाला ३० डॉलरच्या आसपास असणारा भाव डिसेंबरमध्ये सरासरी ३००च्या वर गेला. सॅन दिएगोत दर गोठवण्याची मुदत आधीच संपली होती, तिथल्या घरांची बिलं दुपटीच्या वर गेली. जानेवारी २००१मध्ये भारनियमन सुरू झालं. एप्रिलमध्ये पीजी अँड ई या मोठ्या वितरण कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. एन्रॉनचे दलाल वीज राज्याबाहेर नेऊन परत आणल्यासारखं दाखवत होते आणि एका केंद्राला बंद पडायचं निमित्त शोधायला सांगत होते, हे पुढे त्यांच्याच कागदपत्रांतून आणि ध्वनिमुद्रणांतून बाहेर आलं. राज्य सरकारने घाबरून ४० अब्ज डॉलरहून अधिक रकमेचे दीर्घ करार केले, तेही भाव शिखरावर असताना. संघीय नियामकाने जून २००१मध्ये भावाला लगाम घातल्यावर बाजार निवला. गव्हर्नर ग्रे डेव्हिस यांना २००३ साली मतदारांनी मुदतीआधीच परत बोलावलं.

टेक्सासने धडा उलटा घेतला. भावाची कमाल मर्यादा इतकी उंच ठेवायची की त्या आशेने लोक केंद्रं बांधतील. ती मेगावॉट-तासाला ९,००० डॉलर होती. फेब्रुवारी २०२१च्या हिमवादळात वायूच्या विहिरी आणि केंद्रं गोठली, लाखो घरं अंधारात गेली, तरी भाव नियामकाच्या आदेशाने कित्येक दिवस ९,०००वर धरून ठेवला गेला. बाजारभावाशी जोडलेली योजना घेतलेल्या कुटुंबांना हजारो डॉलरची बिलं आली. राज्याच्या अधिकृत मोजणीनुसार २४६ माणसं दगावली. भाव कितीही चढला तरी गोठलेला संच त्या रात्री चालू होत नव्हता.

त्याच्या बऱ्याच आधीपासून दुसऱ्या टोकाकडून नियमाला ताण बसत होता. जर्मनीने २०००च्या कायद्याने सौर आणि पवन विजेला ठरावीक दराची हमी दिली. ही केंद्रं शून्य भावाने रांगेत शिरली की महाग केंद्र बाहेर पडतं आणि सगळ्यांचाच भाव खाली येतो. २००८पासून तिथल्या बाजारात भाव शून्याखालीही जाऊ शकतो. ऊन जितकं जास्त, सौर विजेची कमाई तितकी कमी. अशा बाजाराच्या भरवशावर कोणती बँक वीस-पंचवीस वर्षांचं कर्ज देईल? म्हणून ब्रिटनने २०१३च्या कायद्याने फरकाच्या भरपाईचे करार आणले. भाव ठरलेल्या दराखाली गेला तर केंद्राला फरक मिळतो, वर गेला तर केंद्र तो परत करतं. हिंकली पॉइंट सी या अणुकेंद्राला २०१२च्या किमतींनुसार मेगावॉट-तासाला ९२.५० पौंडांची हमी ३५ वर्षांसाठी मिळाली. इन्सलचं सूत्र नव्या कपड्यांत परत आलं होतं.

२०२२मध्ये ही दोन्ही टोकं एकत्र आली. स्पेन आणि पोर्तुगालने जूनपासून वीजनिर्मितीत धरल्या जाणाऱ्या वायूच्या किमतीला, सुरुवातीला ४० युरोची, मर्यादा घातली आणि फरक वेगळा वसूल केला. संपूर्ण युरोपीय संघाने स्वस्त केंद्रांच्या उत्पन्नावर तात्पुरती १८० युरोची कमाल रेषा ओढली. २०२४च्या सुधारणेने मात्र शेवटच्या युनिटचा नियम रोजच्या बाजारासाठी कायम ठेवला. सरकारी आधार घेणाऱ्या नव्या पवन, सौर, अणू, भूऔष्णिक आणि साठा नसलेल्या जलविद्युत प्रकल्पांसाठी फरकाच्या भरपाईच्या अशाच दुतर्फा करारांची अट आली.

मला ही वाटणी योग्य वाटते. रोज कोणतं केंद्र चालवायचं हे ठरवायला ब्वातोचं गणित उत्तम आहे, केंद्राला वीस वर्षांत किती कमवू द्यायचं हे ठरवायला ते कधीच बनलेलं नव्हतं. पण या करारांतला दर ठरवताना सरकार चुकलं, तर फरक पुन्हा ग्राहकाच्याच बिलात येणार. म्हणून वाद आता बोलीवरून करारांच्या अटींवर सरकला आहे: दर लिलावातून निघणार की वाटाघाटीतून, मुदत किती वर्षांची, आणि भाव चढतील तेव्हा परत येणारा पैसा घरगुती ग्राहकांना मिळणार की कारखान्यांना.