रेडलँड्सचा छापा आणि ब्रिटनचा अमली पदार्थविषयक कायदा

‘रोलिंग स्टोन्स’ या ब्रिटिश रॉक बँडच्या चाहत्यांना १२ फेब्रुवारी १९६७ ही तारीख सांगावी लागत नाही. त्या रात्री ससेक्समधील वेस्ट विटरिंग येथील रेडलँड्स या बँडचा गिटारवादक कीथ रिचर्ड्स याच्या घरावर पोलिसांनी अमली पदार्थांसाठी छापा घातला आणि ‘बीटल्स’चा जॉर्ज हॅरिसन थोडा आधी तेथून निघून गेल्यामुळे बचावला, हा किस्सा चाहते आजही चवीने सांगतात. मात्र या किश्शांच्या गर्दीत खटला नेमका कोणत्या कलमांखाली चालला हे झाकले जाते, आणि पुढच्या धोरणाचा उगम तर त्या कलमांतच आहे.

छाप्याच्या आठवडाभर आधी ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ या साप्ताहिक वृत्तपत्राने स्टोन्सचा गायक मिक जॅगर याच्या तोंडी अमली पदार्थांच्या सेवनाची कबुली घातली होती. प्रत्यक्षात त्या वृत्तपत्राच्या बातमीदाराशी बोलला होता तो स्टोन्समधलाच ब्रायन जोन्स. जॅगरने अब्रुनुकसानीच्या दाव्याची घोषणा केली आणि पुढच्याच रविवारी छापा पडला.

जून महिन्यात चिचेस्टरच्या न्यायालयात न्यायाधीश लेस्ली ब्लॉक यांच्यासमोर खटला चालला. जॅगरवरील आरोप अँफेटामाइन या उत्तेजक औषधाच्या चार गोळ्यांपुरता होता. इटलीत त्या राजरोस विकत मिळत, पण ब्रिटनमध्ये १९६४च्या कायद्याने डॉक्टरी चिठ्ठीशिवाय त्या बाळगणे गुन्हा ठरले होते. त्याला तीन महिन्यांची कैद झाली. रिचर्ड्सचे प्रकरण याहून विलक्षण होते. त्याच्याजवळ काही सापडल्याचा आरोप नव्हताच. आपल्या घरात इतरांना गांजा ओढू दिला, एवढाच त्याचा गुन्हा होता आणि त्यासाठी त्याला एक वर्षाची शिक्षा झाली. पुरावा म्हणून उदबत्तीचा दरवळ आणि केवळ फरचे पांघरूण गुंडाळून बसलेल्या एका पाहुणीची बेफिकिरी पुढे करण्यात आली. कायद्यापेक्षा शिष्टाचाराचाच हा खटला होता, असे त्याचे वृत्तान्त वाचताना वाटत राहते.

१ जुलैला ‘द टाइम्स’ने, संपादक विल्यम रीस-मॉग यांच्या लेखणीतून, जॅगर प्रसिद्ध नसता तर पहिल्याच गुन्ह्याला त्याला एवढी शिक्षा झाली असती का, असा प्रश्न विचारला. ‘द हू’ या रॉक बँडने तर या दोघांच्या समर्थनार्थ स्टोन्सची दोन गाणी घाईघाईने ध्वनिमुद्रित करून बाजारात आणली. ३१ जुलैला अपील न्यायालयाने रिचर्ड्सची शिक्षा रद्द केली, कारण त्या पाहुणीने गांजा ओढल्याचा पुरावा किती तकलादू आहे, याची जाणीव ज्यूरीला करून देण्यात आली नव्हती. जॅगरचा दोष कायम राहिला. मात्र तुरुंगवास टळला.

दरम्यान, २४ जुलैच्या ‘द टाइम्स’मध्ये गांजाविषयीचा कायदा तत्त्वतः अनैतिक आणि व्यवहारात अंमलबजावणीस अशक्य आहे, असे सांगणारी पानभर जाहिरात झळकली. चारही बीटल्सबरोबर कादंबरीकार ग्रॅहम ग्रीन आणि शास्त्रज्ञ फ्रान्सिस क्रिक यांच्याही सह्या तिच्यावर होत्या. बॅरोनेस वूटन यांच्या अध्यक्षतेखालील, गांजाचा अभ्यास करणाऱ्या सरकारी उपसमितीचे काम तेव्हा गाजावाजा न करता सुरू झालेले होते. या जाहिरातीमुळे आपल्या अभ्यासाला वेगळे महत्त्व आले, असे समितीनेच अहवालात नमूद केले आहे. जानेवारी १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अहवालाने ज्या जुन्या निष्कर्षांना दुजोरा दिला, त्यांत आपल्याकडचा एक आहे. १८९३-९४ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थान सरकारने नेमलेल्या आयोगाने मुंबई इलाख्यासह देशभर भांग, गांजा आणि चरस यांच्या वापराची चौकशी केली होती आणि माफक सेवनाने सहसा अपाय होत नाही, असे मत दिले होते. रॉकच्या इतिहासात ही नोंद क्वचितच येते, याचे मला नवल वाटते.

वूटन समितीने गांजा मुक्त करा असे म्हटलेच नव्हते. थोडा गांजा बाळगणाऱ्याला तुरुंगात धाडू नये, एवढीच तिची मागणी होती. गृहमंत्री जेम्स कॅलहन यांनी संसदेत ती फेटाळली. तरीही त्यांच्याच कारकिर्दीत मांडलेले आणि सत्ताबदलानंतर हीथ सरकारने मंजूर केलेले १९७१चे विधेयक पाहिले, तर समितीचा ठसा लपत नाही. बाळगणे आणि विकणे यांच्या शिक्षा प्रथमच वेगळ्या झाल्या: गांजा बाळगण्यासाठी कमाल मर्यादा दहा वर्षांवरून पाचवर आली, तर पुरवठ्यासाठी ती चौदावर गेली. ज्या कलमाखाली रिचर्ड्स अडकला, त्याच्या नव्या रूपात घरमालकाला ‘जाणूनबुजून’ परवानगी दिल्याबद्दलच दोषी धरण्याची अट आली; तिच्यामागे एका शिक्षिकेच्या भाड्याने दिलेल्या शेतघराचा खटलाही होता, ज्यात १९६९ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने तिला निर्दोष ठरवले होते.

गांजाचे वर्गीकरण मात्र राजकारण्यांच्या हातीच राहिले. अमली पदार्थांचे ‘अ’ (सर्वांत कडक शिक्षेचा), ‘ब’ आणि ‘क’ असे वर्ग करणाऱ्या १९७१च्या कायद्याने ‘ब’ वर्गात घातलेला गांजा २००४ मध्ये ‘क’ वर्गात उतरला आणि २००९ मध्ये, त्याच कायद्याने स्थापन केलेल्या सल्लागार परिषदेचा सल्ला डावलून, पुन्हा ‘ब’ वर्गात गेला.