बाल्के, पेडर

(४ नोव्हेंबर १८०४–५ फेब्रुवारी १८८७). नॉर्वेजियन निसर्गचित्रकार. म्योसा सरोवरातील हेलग्योया बेटावर एका गरीब कुटुंबात जन्म. मूळ नाव पेडर अँडर्सन. टोटेन भागातील ज्या शेतवाडीशी त्याचा संबंध आला, तिचेच नाव त्याने पुढे लावले. तिथल्या शेतकऱ्यांनी त्याच्या शिक्षणाला हातभार लावला आणि त्याने त्यांची घरे रंगवून सजवली. पुढे स्टॉकहोममध्ये कार्ल योहान फालक्रांट्स आणि ड्रेस्डेनमध्ये योहान क्रिस्टियान डाल यांच्याकडे तो शिकला.

१८३२ च्या उन्हाळ्यात तो समुद्रमार्गे उत्तर नॉर्वेत, थेट नॉर्थ केपपर्यंत गेला. या एका प्रवासाची शिदोरी त्याला जन्मभर पुरली. फ्रान्सचा राजा लुई फिलिप हाही तरुणपणी, निर्वासित असताना, त्या किनाऱ्यावर फिरून आला होता. त्याने पॅरिसमध्ये बाल्केकडे उत्तरेच्या दृश्यांचे काम सोपवले. पण १८४८ च्या क्रांतीत राजाच पदच्युत झाला आणि काम कच्च्या तैलचित्रांवरच थांबले. त्यांतील बरीचशी आता पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहेत.

बाल्केचे खरे वैशिष्ट्य उत्तरायुष्यातील चिमुकल्या, बहुधा काळ्या-पांढऱ्या चित्रांत दिसते. कागद किंवा फळीवर तो आधी गुळगुळीत पांढरे अस्तर देई. त्यावर पातळ काळा-करडा रंग पसरून, तो ओला असतानाच ब्रशने ओढायचा, बोटाने किंवा फडक्याने पुसायचा. पुसलेल्या जागी अस्तर उघडे पडते. लाटेचा फेस, धुके, बर्फ म्हणून दिसते ते हेच. म्हणजे इथे उजेड रंगवलेला नसतो, राखलेला असतो. रंग जाड बसला की अस्तराची चमक मरते, आणि वाळला की पुसता येत नाही. त्यामुळे हात झपाट्याने चालवावा लागे. अनेक चित्रांत ब्रशच्या केसांच्या रेघा जशाच्या तशा दिसतात. लंडनच्या नॅशनल गॅलरीतील ‘वादळ’ (सु. १८६२) जेमतेम १२ × १६.५ सेंमी. आहे, छापील प्रतिमेवरून हे लक्षातच येत नाही.

ही चित्रे तेव्हा फारशी कुणी विचारली नाहीत आणि बाल्केही ती बहुतांशी स्वतःसाठीच काढत राहिला. त्याचे लक्ष समाजकार्याकडे वळले होते: क्रिस्टियानियाच्या (आताचे ऑस्लो) वेशीवर जमीन घेऊन त्याने कामगारांसाठी ‘बाल्केबी’ ही वस्ती उभारली. लाकडी घरांची ही वस्ती १८७९ मध्ये आगीत भस्मसात झाली. चित्रकार म्हणून त्याची पुन्हा दखल घेतली गेली ती १९१४ च्या क्रिस्टियानियातील प्रदर्शनात, आणि देशाबाहेर प्रामुख्याने २०१४ च्या लंडनमधील प्रदर्शनामुळे.