हायब्रिड गाडीचं इंजिन वेगळं का असतं?

टोयोटा किर्लोस्करने जुलै २०२४ मध्ये छत्रपती संभाजीनगरच्या कारखान्यासाठी राज्य सरकारशी सामंजस्य करार केला. इलेक्ट्रिकसोबत तिथे हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि इलेक्ट्रिक मोटर दोन्ही असलेल्या गाड्याही बनायच्या आहेत. बॅटरीचीच चर्चा जास्त झाली. मला मात्र त्या गाडीतल्या पेट्रोल इंजिनाचं कौतुक वाटतं.

साध्या गाडीत इंजिनालाच सगळं करावं लागतं: जागेवरून उचल घ्यायची, ओव्हरटेकला जोर लावायचा, हायवेला एका लयीत पळायचं. हायब्रिडमध्ये उचल घ्यायला मोटर मदतीला असते. त्यामुळे इंजिन थोडं कमी ताकदीचं असलं तरी भागतं, आणि इंजिनिअरांनी नेमका याचाच फायदा उठवला.

जेम्स ॲटकिन्सन या इंग्रज इंजिनिअरने १८८० च्या दशकात एक युक्ती काढली होती. तिच्यासाठी त्याने क्रँकला, म्हणजे पिस्टनची वर-खाली हालचाल गोल फिरवणाऱ्या दांड्याला, किचकट सांधे जोडले होते. १९९७ च्या प्रियस या टोयोटाच्या हायब्रिड गाडीत तेच काम व्हॉल्व्हने केलं. पिस्टन वर येऊ लागला तरी हवा आत घेणारा इनटेक व्हॉल्व्ह काही काळ उघडाच राहतो. आत आलेली थोडी हवा आल्या वाटेने परत जाते आणि उरलेलीच दाबली जाते. स्फोटानंतर मात्र पिस्टन पार खालपर्यंत जातो. थोडं दाबून जास्त प्रसरण! एरवी सायलेन्सरवाटे वाया गेला असता तो दाब चाकाच्या कामी येतो. २०१५ च्या प्रियसच्या इंजिनाने अशाने इंधनातली ४० टक्क्यांपर्यंत ऊर्जा वापरून दाखवली. मोजणी अनुकूल स्थितीतली, पण पेट्रोल इंजिनासाठी हा आकडा मोठाच.

कन्नडचा घाट चढताना अशा बऱ्याच गाड्यांचं इंजिन एकाच सुरात ओरडत राहतं. ताकद कमी, म्हणून आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाचे फेरे, वाढवावे लागतात. चालवणाऱ्याला ते खटकतं.

पेट्रोलमध्ये मिसळतात त्या उसाच्या इथेनॉलचा ऑक्टेन पेट्रोलपेक्षा जास्त, त्यामुळे नॉकिंग न होता, म्हणजे मिश्रण आपोआप अवेळी न पेटता, ते अधिक दाबता येतं. पण लिटरमागे ऊर्जा सुमारे एक तृतीयांश कमी. शिवाय टँकरने पाणी पिणाऱ्या मराठवाड्यात आणखी ऊस लावायचा का, याचं उत्तर इंजिनात नाही.

धुराचं गणित जरा अवघड. सिलिंडरमधलं तापमान फार वाढलं की हवेतल्याच नायट्रोजनपासून घातक ऑक्साइड तयार होतात. ते रोखायला थोडा धूर थंड करून परत आत सोडतात. बाकीचं काम सायलेन्सरच्या अलीकडच्या, धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचं, पण तो चांगला तापल्याशिवाय नीट काम करत नाही. हायब्रिडचं इंजिन तर सारखं बंद होतं आणि तो थंडावतो. म्हणून सकाळी गाडी काढल्यावर बॅटरी भरलेली असूनही इंजिन थोडा वेळ चालू राहिलं, तर तो बिघाड समजून गॅरेज गाठू नका.