इंडोनेशियात वस्तू खराब निघाली तर: तक्रारीचा अर्ज, कागदपत्रं आणि कायद्यातल्या फटी

जकार्तात बिऱ्हाड थाटल्यावर घेतलेलं वॉशिंग मशीन नवव्या दिवशी बंद पडलं. दुकानात गेलो, तर काउंटरवरच्या मुलाने पावती माझ्यासमोर धरून तळाच्या ओळीखाली बोट ठेवलं: 'बारांग यांग सुदाह दिबेली तिदाक दापात दिकेम्बालिकान.' विकलेला माल परत घेतला जाणार नाही. हीच पाटी वाचत लहानाचे मोठे झालेलो आम्ही, मुकाट्याने परत आलो. ती ओळ तिथे बेकायदा आहे, हे फार उशिरा कळलं.

इंडोनेशियाचा ग्राहक संरक्षण कायदा १९९९ चा, क्रमांक ८. त्याच्या कलम १८ नुसार माल परत घ्यायला नकार देणारी किंवा जबाबदारी झटकणारी छापील अट दुकानदाराला घालताच येत नाही. घातली तरी ती रद्दबातल. पार्किंगच्या चिठ्ठीवर 'वाहन हरवल्यास आम्ही जबाबदार नाही' असं असतं, तेही याच कलमात बसतं, आणि सर्वोच्च न्यायालयाने चोरीला गेलेल्या गाड्यांची भरपाई पार्किंगवाल्यांना द्यायला लावली आहे. तरीही ती ओळ पावत्यांवर रोज छापली जाते. कायदा आहे, पण त्याची अंमलबजावणी करणारा हात तोकडा आहे. म्हणून तक्रार करताना कागद पहिल्या दिवसापासून पक्के ठेवायचे.

तक्रार कोण करू शकतं?

कायद्यातली ग्राहकाची व्याख्या मोठ्या मनाची आहे. स्वतःसाठी, घरच्यांसाठी, दुसऱ्या कुणासाठी, अगदी इतर सजीवांसाठीही वस्तू किंवा सेवा वापरणारी कोणतीही व्यक्ती ग्राहक ठरते. नागरिकत्वाची अट नाही. नोकरीनिमित्त तिथे राहणारे आणि बालीला आठवडाभर फिरायला गेलेले, दोघेही यात येतात. फक्त पुढे विकण्यासाठी घेतलेला माल यात बसत नाही.

दाद मागायची ती 'बे-पे-एस-का' या ग्राहक तंटा निवारण मंडळाकडे किंवा दिवाणी न्यायालयात. मंडळात सरकार, ग्राहक आणि व्यापारी या तिन्ही बाजूंचे सदस्य असतात. अर्ज लेखी करता येतो, तोंडी सांगितलं तरी कार्यालय लिहून घेतं. मंडळाच्या कामकाजाची चौकट २००१ च्या मंत्रीस्तरीय आदेशाने घालून दिली. त्यात ग्राहक मृत, आजारी, वृद्ध, अल्पवयीन किंवा परदेशी असेल, तर वारसाने किंवा मुखत्याराने अर्ज करण्याची सोय ठेवली. सुट्टी संपवून परतणाऱ्या माणसाला याचाच आधार.

कागद कोणते?

तुमचं आणि व्यापाऱ्याचं पूर्ण नाव-पत्ता, तक्रार कोणत्या वस्तूची वा सेवेची, ती कुठे, कधी घेतली, बिल किंवा पावती, साक्षीदार असतील तर त्यांची नावं, आणि फोटो. यातलं महत्त्वाचं काही नसेल तर अर्ज फेटाळला जाऊ शकतो. ओळखीसाठी पासपोर्ट, आणि तिथे राहत असाल तर 'कितास' म्हणजे निवास परवाना जोडा. दुसऱ्याला पाठवणार असाल तर 'सुरात कुआसा' म्हणजे मुखत्यारपत्र करा, त्यावर दहा हजार रुपियाचं 'मतेराइ' म्हणजे मुद्रांक लावा.

पावतीबद्दल कळकळीने सांगते. बहुतेक पावत्या थर्मल कागदाच्या असतात. माझी महिन्याभरात पांढरीफटक झाली, तारीखसुद्धा वाचता येईना. दुकानातून बाहेर पडायच्या आत तिचा फोटो काढा. वॉरंटी कार्डावर, म्हणजे 'कार्तू गारान्सी'वर, दुकानाचा शिक्का आणि तारीख घालून घ्या.

मंडळाकडे जाण्याआधी व्यापाऱ्याला लेखी 'सोमासी' पाठवा, म्हणजे काय बिघडलं, काय हवं, किती दिवसांत हवं, हे सांगणारी नोटीस. पोचल्याचा पुरावा जपून ठेवा.

फटी कुठे आहेत?

पहिली फट कलम १९ मध्येच आहे. भरपाई व्यवहाराच्या तारखेपासून सात दिवसांत द्यावी, असं ते म्हणतं. दोष कळल्यापासून नव्हे, खरेदीपासून! माझं मशीन नवव्या दिवशी बंद पडलं, औषधाचा परिणाम तर महिन्याने दिसतो. असं अडवलं गेलं तर कलम २५ दाखवा: किमान वर्षभर टिकाऊ वापराच्या वस्तूंना सुटे भाग किंवा विक्रीपश्चात सेवा आणि कबूल केलेली वॉरंटी देणं उत्पादकाला बंधनकारक आहे.

दुसरी फट सुनावणीची. समेट, मध्यस्थी की लवाद, हे दोन्ही बाजूंनी मिळून ठरवायचं असतं. व्यापारी आलाच नाही किंवा संमतीच दिली नाही, तर गाडं तिथेच अडतं. त्यातून २०१४ च्या प्रादेशिक शासन कायद्याने मंडळं चालवण्याची जबाबदारी जिल्ह्यांकडून प्रांतांकडे गेली आणि अनेक ठिकाणची मंडळं पैशाअभावी किंवा सदस्यांअभावी थंडावली. म्हणून आपल्या भागातलं मंडळ चालू आहे का, हे आधी विचारा. नसेल, तर पन्नास कोटी रुपियापर्यंतच्या दाव्यांसाठी जिल्हा न्यायालयात साधी, जलद प्रक्रिया आहे.

तिसरी फट मला सर्वांत जास्त खुपते. कलम ५४ म्हणतं, मंडळाचा निकाल अंतिम आणि बंधनकारक. दोनच कलमं पुढे, ५६ मध्ये, त्याच निकालावर जिल्हा न्यायालयात आक्षेप घ्यायची मुभा! हिशेब करा: मंडळाला २१ कामाचे दिवस, आक्षेपाला १४, न्यायालयाला २१, सर्वोच्च न्यायालयात जायला १४, तिथल्या निकालाला ३०. कायद्याच्या कागदावरच शंभर दिवस झाले. वसुलीचा आदेशही जिल्हा न्यायालयाकडूनच घ्यावा लागतो. न्यायालयीन निकालाच्या माथ्यावर 'न्यायासाठी, एकमेव परमेश्वराला स्मरून' अशा अर्थाचं वाक्य असतं आणि त्यातूनच निकालाला वसुलीचं बळ येतं. मंडळाच्या निकालावर ते लिहिण्याची तरतूद १९९९ च्या कायद्यात नाही.

बँक, कर्ज किंवा विम्याची तक्रार असेल तर मंडळाकडे जाऊच नका. कर्जाच्या वादांत मंडळाने दिलेले निकाल सर्वोच्च न्यायालयाने वारंवार रद्द केले आहेत. आधी त्या संस्थेकडे लेखी तक्रार द्या, मग वित्तीय नियामक 'ओजेका'कडे, १५७ क्रमांकावर.

अनेकांचं एकच नुकसान झालं असेल तर सामूहिक दावा करता येतो, पण तो थेट न्यायालयातच. २०२२ मध्ये विषारी रसायन मिसळलेल्या सिरपमुळे मूत्रपिंडं निकामी होऊन दोनशेहून अधिक मुलं गेली. त्यांच्या पालकांनी हाच मार्ग धरला. ऑगस्ट २०२४ मध्ये जकार्ताच्या न्यायालयाने दोन कंपन्यांना भरपाई द्यायला सांगितली: मृत मुलामागे पाच कोटी रुपिया, वाचलेल्यामागे सहा कोटी. आकडे मोठे वाटतात, आपल्या पैशात तीन-एक लाख होतात. आरोग्य मंत्रालय आणि औषध नियंत्रकांवर जबाबदारी आली नाही. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरिनने चौदा जण दगावले होते. त्या आठवणी असलेल्या घरांना या पालकांचं दुःख वेगळं समजावून सांगायला नको.

मंडळाचा निकाल तुमच्या बाजूने लागला, तर तो व्यापाऱ्याच्या हाती पडल्याची तारीख लिहून ठेवा. पाळायला त्याला सात कामाचे दिवस, आक्षेपाला चौदा. तेवढ्यात आक्षेप आला नाही, तर त्याने निकाल मान्य केला असं धरलं जातं. तरीही पैसे देत नसेल, तर मंडळ प्रकरण तपास अधिकाऱ्यांकडे सोपवतं आणि तोच निकाल गुन्ह्याचा पुरेसा प्राथमिक पुरावा मानला जातो. पंधराव्या कामाच्या दिवशी मंडळाच्या कार्यालयात जाऊन ही मागणी लेखी द्या आणि प्रतीवर पोच घ्या.