दोर, ड्रम आणि ४५६ फूट : रेकॉर्डवाल्या रोलर कोस्टरची मागची गोष्ट

२८ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेत न्यू जर्सीच्या सिक्स फ्लॅग्ज ग्रेट ॲडव्हेंचर पार्कमधला किंगडा का नावाचा रोलर कोस्टर सुरुंग लावून पाडला. ४५६ फूट उंच, म्हणजे १३९ मीटर. आपल्याकडचा मोबाईल टॉवर दीडशे फुटाचा धरला तर तीन टॉवर एकावर एक. जवळजवळ वीस वर्षं जगात सगळ्यात उंच होता आणि काही सेकंदात लोखंडाचा ढीग झाला. मामांच्या नातवानं त्याचा व्हिडिओ लावला तेव्हा आम्ही वणीजवळ त्यांच्या ओट्यावर बसलो होतो, हरभरा सोंगून नुकताच घरी आला होता. पोरगं विचारते, "आबा, एवढा उंच होता तं पाडला कायले?" मामा म्हणाले, "पाडला ते सोड. गाडी एवढ्या वर नेत कशी होते, ते सांग आधी."

मामांनी तीसेक वर्षं अंडरग्राउंड कोळसा खाणीत हॉलेजवर, म्हणजे दोरानं गाड्या ओढायच्या यंत्रावर, काढली, त्यामुळं चढावर गाडी म्हटलं की त्यांना पहिले दोर दिसतो. मला तेव्हा काही नीट सांगता आलं नाही. मग वाचत गेलो आणि वाचता वाचता समजलं की प्रश्न त्यांचाच बरोबर होता, कारण उंचीचे हे सगळे रेकॉर्ड म्हणजे गाडी वर ओढायची कशी आणि सुटली तर धरायची कशी याचीच गोष्ट आहे, आणि मजा म्हणजे ती गोष्ट कोळशाच्याच खाणीतून निघते.

तसं अगदी मूळ रशियात. सतराव्या शतकात आजच्या सेंट पीटर्सबर्गकडं लोक हिवाळ्यात लाकडाचे उंच सांगाडे उभारून त्यावर पाणी ओतून बर्फ जमवायचे आणि घसरत खाली यायचे. फ्रान्सवाल्यांना ते आवडलं, पण तिकडं एवढा बर्फ कुठला, म्हणून १८१७ मध्ये पॅरिसला चाकाच्या गाड्या आल्या, रुळाच्या खोबणीत चाक अडकवलेल्या. आजही फ्रेंच आणि स्पॅनिशमध्ये रोलर कोस्टरला 'रशियन डोंगर' म्हणतात आणि खुद्द रशियन लोक त्याला 'अमेरिकन डोंगर' म्हणतात. कोणीच आपल्या अंगावर घेत नाही!

खरी गोष्ट सुरू होते १८२७ मध्ये, पेनसिल्वेनियात मॉक चंक नावाच्या गावी. डोंगरावर कोळसा, खाली नदी, मध्ये नऊ मैल. रूळ टाकले आणि भरलेल्या गाड्या उतारावरून नुसत्या सोडून द्यायच्या, इंजिन नाही काही नाही, एक माणूस ब्रेक धरून. रिकाम्या गाड्या वर ओढायला खेचरं, आणि ती खेचरं खाली येताना गाडीतच बसून यायची. म्हणजे बैलबंडी उलटी, बैल बंडीत बसलेला. सांगतात की खेचरांना या फुकटच्या सवारीची अशी सवय लागली की पुढं उताराला पायी चालायलाच तयार होईनात. मग १८४० च्या दशकात खेचरांच्या जागी वर वाफेची इंजिनं बसली, ती पोलादी पट्ट्यानं गाड्या ओढायची, आणि दोन रुळांच्या मधात दातेरी पट्टी टाकली. ओढणाऱ्या गाडीला खाली एक खटका असायचा, तो एकेका दात्यावरून खट् खट् करत पुढं सरकायचा, पट्टा तुटला तरी गाडी मागं येणार नाही.

इथं मामांनी मला थांबवलं. "आमच्याकडं बॅक स्टे होता." खाणीत इनक्लाइनवरून, म्हणजे तिरप्या बोगद्यातून, टब, म्हणजे कोळशाचे डबे, वर ओढतात. वर हॉलेजचा ड्रम, त्याच्यावर लोखंडी दोर गुंडाळलेला, दोराला टबांची माळ. शेवटच्या टबाच्या मागं एक लोखंडी दांडा लोंबकळत ठेवायचा, टब वर जात असतो तोवर तो नुसता जमिनीला घासत येतो, पण दोर तुटून टब मागं यायला लागला की दांडा खाली रुततो आणि टब तिथंच थांबतो नाहीतर रुळावरून पडतो. पडलेला परवडतो. दोन-तीन टब सुटून खाली गेले तर खाली माणसं असतात. हे सांगताना मामांनी अडकित्ता आडवा धरून दांडा कसा रुततो ते दाखवलं, मग आतला आवाज कसा यायचा ते तोंडानं काढून दाखवलं. आज लाकडी रोलर कोस्टर चढाला लागला की जो खटखट आवाज येतो, ज्यानं माणसाच्या पोटात गोळा येतो, तो याच खटक्याचा. घाबरवायला ठेवलेला नाही, तो आवाज बंद झाला तर घाबरायचं.

१८७२ मध्ये डोंगरातून बोगदा झाला, कोळसा दुसऱ्या वाटेनं जायला लागला आणि मॉक चंकची लाईन रिकामी झाली. मग ती पर्यटकांसाठी चालवली गेली आणि १९३३ पर्यंत लोक तिकीट काढून बसत राहिले. हे वाचताना मला आपली शकुंतलाच आठवून राहिली होती. मूर्तिजापूरहून एक फाटा अचलपूरला, एक यवतमाळला, नॅरोगेज, इंग्रजांनी कापूस न्यायला टाकलेली. कापूस गेला तशी तीही थांबली. आपल्याकडं उतार नाही म्हणा.

मॉक चंकवर बसून पाहिलेल्या लामार्कस थॉम्पसननं १८८४ मध्ये न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडला मुद्दाम मजेसाठी तशी लाईन बांधली. मोज्यांच्या धंद्यात पैसा कमावलेला माणूस, पोरं दारूच्या गुत्त्यात जाऊ नये म्हणून काहीतरी चांगलं काढतो म्हणे. ५० फूट उंच, वेग ताशी १० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे आपली सायकल पुढं जाईल, तिकीट ५ सेंट. लोक तुटून पडले. आणि लोक तुटून पडले की शेजारचा म्हणतो मी याच्यापेक्षा मोठा बांधतो, तिथून जी चढाओढ लागली ती आजपर्यंत.

त्या चढाओढीत पहिले माना दुखावल्या, खरोखरच्या. १८९५ मध्ये तिथंच फ्लिप फ्लॅप नावाचा उभा गोल बांधला, बांगडीसारखा बरोब्बर गोल. गणित असं आहे की अशा गोलात वरून पडू नये एवढाच वेग ठेवला तरी तळाशी माणसाला आपलं वजन सहापट लागतं, ६० किलोचा माणूस साडेतीन क्विंटलच्या वर. विचार करा, मानेवर आपलंच डोकं सहा डोक्यांएवढं. आणि हे कागदावरचं, प्रत्यक्षात याहून जास्त, आणि ते हळूहळू नाही, सपाटावरून गोलात शिरल्याबरोबर दणका. लोकांच्या माना दुखावल्या आणि प्रकार गुंडाळला. चांगला लूप जमायला १९७६ उजाडलं, कॅलिफोर्नियाच्या मॅजिक माउंटनमध्ये. जर्मनीच्या आंतोन श्वार्त्सकोफनं बांधला, हिशोब वेर्नर स्टेंगेलचा. त्यांनी बांगडीच्या जागी पाण्याच्या थेंबासारखा आकार घेतला, खाली पसरट आणि वर आवळलेला, म्हणजे वेग जास्त तिथं वळण मोठं. हे वळण नवीन नव्हतं. रेल्वेवाले आणि रोडवाले सरळ रस्त्यावरून वळणात शिरताना तेच टाकतात, समृद्धीवर गाडी घाला, स्टिअरिंगला हिसका न बसता वळण सुरू होतं ना, तेच.

या दोनच्या मधात दोन गोष्टी झाल्या ज्यांच्याशिवाय पुढचं काहीच झालं नसतं. जॉन मिलर नावाच्या डिझायनरनं १९१९ मध्ये रुळाच्या खालून लागणाऱ्या चाकाचं पेटंट घेतलं. गाडीला वरून चाक, बाजूनं चाक आणि खालूनही चाक, म्हणजे रूळ चिमट्यात पकडल्यासारखा, गाडी उचलूच शकत नाही. त्याच्या आधी टेकाडावर गाडी उडू नये म्हणून टेकाडच बुटकं ठेवावं लागायचं. आणि १९५९ मध्ये डिस्नेलँडच्या मॅटरहॉर्न कोस्टरला ॲरो कंपनीनं लाकडी सांगाड्यावरच्या पट्टीऐवजी पोलादी पाईपचा ट्रॅक वाकवून लावला. पाईप पाहिजे तसा वाकतो, पावसानं फुगत नाही.

१९८९ ला ओहायोच्या सीडर पॉइंटमध्ये मॅग्नम एक्सएल-२०० आला, २०५ फूट. याची गोष्ट फार मनुष्यासारखी आहे, ठरलं होतं १८७ फूट, मग पार्कचे प्रमुख डिक किन्झेल म्हणाले एवढे आलोच आहो तर २०० पार करून टाकू. आपल्याकडं गणपती बसवताना होते तेच, शेजारच्या मंडळाचा ११ फूट म्हणून आपला १२. पण इथं उंची वाढवायची एक अडचण आहे. वेग उंचीच्या वर्गमुळानं वाढतो, वेग दुप्पट पाहिजे तर उंची चौपट लागते. म्हणजे लोखंड, पाया, वारा सगळं भसाभस वाढतं आणि वेग कुंथत कुंथत. आणि त्यात गाडी वर ओढणारी साखळी. साखळी जितकी लांब तितकी जड, एका उंचीनंतर साखळी स्वतःलाच ओढत बसते. म्हणून २००० मध्ये त्याच पार्कनं ३१० फुटाचा मिलेनियम फोर्स केला तेव्हा स्वित्झर्लंडच्या इंटामिन कंपनीनं साखळी काढून टाकली आणि लिफ्टला असतो तसा पोलादी दोर लावला, त्याला ड्रम, दोराला एक छोटी गाडी, ती येऊन मोठ्या गाडीला पकडते आणि ओढून नेते.

हे सांगितलं तसे मामा हसले. "हे तं हॉलेजच होय ना बे! यायले दोनहजार साल लागलं का?"

पुढं ऐका. इंटामिननंच २००३ मध्ये सीडर पॉइंटला टॉप थ्रिल ड्रॅगस्टर केला, ४२० फूट, आणि २००५ च्या मे महिन्यात किंगडा का. यात चढाव असा नाहीच. गाडी सपाट रुळावर उभी, खाली दोर, दोराला ड्रम, आणि ड्रम फिरवायला हायड्रॉलिक मोटारी. एका बाजूनं नायट्रोजन वायू दाबून ठेवलेला, तो सुटला की तेल ढकलतो, तेल मोटारी फिरवतं, मोटारी ड्रम, ड्रम दोर. साडेतीन सेकंदात ताशी २०६ किलोमीटर. मग गाडी सरळ आकाशात, वरून वळून सरळ खाली. कधी वारा असला, थंडी असली की वेग थोडा कमी पडायचा आणि गाडी टोकापर्यंत जाऊन तिथूनच उलटी परत. त्याला रोलबॅक म्हणतात, आणि लोक तो मिळावा म्हणून देवाला हात जोडायचे कारण एका तिकिटात दोनदा. गाडी परत आली की सपाटीवर तांब्याच्या पट्ट्या वर आलेल्या असतात आणि गाडीला खाली चुंबकं, तिथं ती थांबते. पण दोर तो दोरच. किंगडा का सुरू होऊन महिना नाही झाला, जूनमध्ये एक बोल्ट निसटला, गाडी फेकणारा दोर खराब झाला आणि झुला ऑगस्टपर्यंत बंद. एक बोल्ट! ड्रॅगस्टरवर २०२१ मध्ये गाडीवरचा लोखंडी तुकडा उडून रांगेतल्या एका बाईला जबर लागला, त्यानंतर तो तसा कधी चाललाच नाही, २०२४ मध्ये दोर काढून विजेच्या चुंबकावर नवा केला तर थोड्याच दिवसात तोही बंद, पुन्हा चालू व्हायला २०२५ आलं.

बांधायचं काम म्हणजे बहुतेक जमिनीखालचं, ते व्हिडिओत दिसत नाही. आपल्या काळ्या मातीत हे उभं करायचं म्हटलं तर पावसाळ्यात फुगणार, उन्हाळ्यात भेगा, घराच्या भिंती तडकतात तिथं चारशे फुटाचं काय घेऊन बसले, खोल जाऊन घट्ट थर लागेपर्यंत पाइल, म्हणजे जमिनीत खांब, घालावी लागेल. वरचं काम मेकॅनोसारखं, तुकडे कारखान्यात वाकवून नंबर टाकून येतात आणि क्रेननं बोल्टावर बसतात. मग माणसाच्या जागी पाण्यानं भरलेले पुतळे बसवून गाडी शेकडो फेऱ्या पळवतात. आणि चालू झाल्यावरही रोज सकाळी गेट उघडायच्या आधी माणूस ट्रॅक पाहत फिरतो.

आपल्या जत्रेतल्या झुल्याचं असं काही नसतं, खरं सांगतो. एक वर्षी आकाशपाळण्यात मी आणि मामेभाऊ अगदी वर असताना जनरेटरचं डिझेल संपलं, अर्धा तास वर. खालून एक जण कॅन घेऊन पंपावर गेला, आणि दुसरा आम्हाला ओरडून सांगत होता की हलू नका, हलू नका. खाली बैलबाजार, धूळ, भज्यांचा वास. मोठ्या पार्कवाला खरा रोलर कोस्टर आपल्या राज्यात खोपोलीच्या इमॅजिकाला २०१३ पासून आहे, नायट्रो, ४० मीटरच्या आसपास.

आता रेकॉर्ड आखातात गेलेत. २०१० मध्ये अबुधाबीच्या फेरारी वर्ल्डमध्ये फॉर्म्युला रोसा आला, उंची फक्त ५२ मीटर पण ताशी २४० किलोमीटर, कारण तोही दोरानं फेकलेला. डोळ्यात वाळू जाऊ नये म्हणून गॉगल देतात. आणि २०२५ च्या शेवटी सौदीत रियाधजवळ किद्दियाला फाल्कन्स फ्लाइट उघडला, १९५ मीटर, सव्वाचार किलोमीटर लांब, ताशी २५०. उंचीसाठी तिथं तुवैक डोंगराचा कडाच वापरलाय. आणि बांधणारे तेच, इंटामिन, पण आता दोर नाही, ड्रम नाही. रुळाला विजेच्या कॉइल, गाडीला चुंबकं, कॉइल एकामागून एक चालू होतात आणि गाडीला पुढं ओढत नेतात.

मामांना हे पटायला वेळ लागला. बराच वेळ चुना मळत बसले, मग म्हणाले, "लाईट गेली तं?"

मी सांगितलं, लाईट गेली तर ढकलणार नाही, एवढंच. ब्रेकला लाईट लागतच नाही, तो पट्टी आणि चुंबकाचाच. विश्वास बसेना म्हणून जुन्या हार्डडिस्कमधलं चुंबक आणलं, स्लायडिंग खिडकीची अल्युमिनियमची पट्टी तिरपी धरली आणि वरून सोडलं. अल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही, तरी ते सरसर न जाता सावकाश, कोणीतरी मागून धरल्यासारखं उतरत आलं. मामांनी पट्टी हातात घेतली, आणखी उभी केली, पुन्हा सोडलं. मग नातवाला म्हणाले, "जाय, खिळा आण एक. खिळा सोडून पाहू."